लाइन आली का?

रब्बीच्या दिवसांत उदगीरच्या आसपासच्या शिवारांत रात्री अकरा-साडेअकराला फोन वाजू लागतात. गावात झोपलेला भाऊ आखाड्यावरच्या भावाला विचारतो, ‘लाइन आली का रं?’ उत्तर येतं, ‘आली, पर दोनच फेज हैत.’ याच माणसानं सकाळी रेशन दुकानावर गेलेल्या शेजाऱ्याला ‘लाइन केवढी हाय?’ म्हणून विचारलेलं असतं. दुपारी चुलत्याजवळ बसून, बारावी झालेल्या पोरीला कोणत्या लाइनला टाकायचं याची बोलणी केलेली असतात. संध्याकाळी मोंढ्यात एखाद्या ठोक व्यापाऱ्याकडून, माल पोचवणारी लाइनची गाडी आपल्या गावाकडं कोणत्या वारी येते हेही कळून घेतलेलं असतं. एका दिवसात एका शब्दानं चार निराळी कामं केली आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणाचाही गोंधळ उडाला नाही.

इंग्रजीतल्या बहुअर्थी शब्दांची चर्चा निघाली की ‘सेट’ आणि ‘रन’ यांची नावं आधी येतात. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत ‘सेट’ची नोंद सर्वांत लांब होती. पुढच्या आवृत्तीच्या कामात ‘रन’नं तिला मागं टाकलं. क्रियापद म्हणून त्याचे सहाशेहून अधिक अर्थ निघाले. ‘लाइन’ या शर्यतीत पहिली येत नाही. पण ‘सेट’चे किंवा ‘रन’चे बहुतेक अर्थ इंग्रजीतच राहतात, आपल्यापर्यंत पोचत नाहीत. ‘लाइन’ मात्र मराठवाड्याच्या बांधापर्यंत आली, इथं राहिली आणि इंग्रजांना ठाऊक नसलेले अर्थही तिला इथं मिळाले. उदगीरकरांच्या तोंडचं ‘लाइन आली’ इंग्रजीत शब्दाला शब्द ठेवून सांगितलं तर लंडनच्या माणसाला काहीच कळणार नाही. म्हणून ही लाइन मराठीच शब्द समजून तपासायला हवी.

तिचं मूळ मात्र दूरचं आहे, आणि ते शोधत गेलं की वाट पुन्हा आपल्याच रानात येते. लॅटिनमध्ये जवसाला ‘लीनुम’ म्हणत. जवसाच्या खोडातून काढलेल्या तंतूचा जो दोरा, तो ‘लिनेआ’. त्या दोऱ्यावरून सरळ रेघ आखत, म्हणून रेघेलाही दोऱ्याचं नाव मिळालं, आणि तिथून इंग्रजीची लाइन निघाली. लिनन हे कापड त्याच घराण्यातलं. कोटाच्या आतून लावायचं अस्तर पूर्वी लिननचं असे, म्हणून अस्तराला ‘लायनिंग’ म्हणू लागले. आपल्याकडं दुकानात ‘लायनिंगचा शर्ट’ मागितला तर दुकानदार पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट काढून दाखवतो, अस्तराचा नाही. म्हणजे लायनिंग हा शब्द आपण पुन्हा लाइनकडे, रेघेकडे वळवून घेतला.

जवस मराठवाड्याला नवं नाही. लातूर, धाराशिव, नांदेडच्या काळ्या जमिनीत रब्बीत करडईसारखं जवसही पेरलं जात आलं आहे. आता त्याचं क्षेत्र आटलं, हरभऱ्यानं जागा घेतली, तरी भाकरीसोबत जवसाची चटणी आजही घरोघर असते. मग आपल्याकडं जवसाचं कापड का झालं नाही? याचं उत्तर झाडाच्या बांध्यात आहे. एकाच जातीच्या या झाडाचे दोन प्रकार माणसानं निवडून वाढवले. बेल्जियम आणि उत्तर फ्रान्सच्या थंड, दमट हवेत उंच, फांद्या कमी असलेलं झाड वाढतं. त्याची खोडं दवात किंवा पाण्यात कुजवून लांब तंतू सोडवता येतात. आपल्याकडचं झाड बुटकं आणि फांद्याळ असतं. त्याचा सगळा जोर बोंडांवर, म्हणून ते तेलाचं. त्यांना दोरा मिळाला, आपल्याला तेल आणि चटणी. दोऱ्याचा शब्द मात्र फिरून आपल्याकडं आला आणि गवंड्याच्या पिशवीत जाऊन बसला. ओळंबा, गुण्या, थापी यांच्यासोबत गवंडी जो दोरा बाळगतात त्याला ते ‘लाइनदोरी’ म्हणतात. दोन खुंट्यांमध्ये ती ताणायची आणि तिच्या अंगानं विटांचा थर लावत जायचा. लाइनचा मूळ अर्थच दोरा आहे, याची गवंड्याला कल्पना असण्याचं कारण नाही. तरी त्यानं तिच्यापुढं दोरीच जोडली, कारण त्याच्या हातात दोरी होती.

इंग्रजी शब्द पुण्या-मुंबईत आले आणि उदगीरला आले, या दोन्हींच्या वाटा वेगळ्या आहेत. हे लक्षात घेतलं नाही तर मराठवाड्याच्या बोलीतल्या लाइनचा स्वभाव कळत नाही. मुंबई इलाख्यात इंग्रजी ही शाळेची, कोर्टाची आणि कचेरीची भाषा होती. वकील, कारकून आणि मास्तर यांच्या तोंडून ती मराठीत उतरली. उदगीर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात, बीदर जिल्ह्यात होतं. तिथं राज्यकारभाराची भाषा उर्दू. १९१७ मध्ये हैदराबादेत ‘दारुल तर्जुमा’ हे भाषांतराचं खातं निघालं. उस्मानिया विद्यापीठात वरच्या वर्गांपर्यंतचं शिक्षण उर्दूतून द्यायचं, त्यासाठी विज्ञानापासून कायद्यापर्यंतच्या पुस्तकांना उर्दू शब्द घडवण्याचं मोठं काम तिथं झालं. मराठवाड्याचं कागदी जग त्यामुळं फारसी-उर्दू शब्दांनी भरलं, आणि ‘कास्तकार’सारखे शब्द आजही इथल्या तोंडी आहेत. इंग्रजी शब्दांना कचेरीचं दार फारसं उघडं नव्हतं. ते आले यंत्रांसोबत: रुळांवरून, खांबांवरून, नळांतून. लाइन त्यांतली सर्वांत मोठी.

पहिली आली ती आगगाडीची. विकाराबादहून बीदर, भालकी, उदगीर, लातूर रोड करत परळीला जाणारा मार्ग निजामाच्या रेल्वेनं १९३० च्या सुमारास टाकला. लातूरला त्याआधीच, १९११ मध्ये, पश्चिमेकडून दुसरी गाडी पोचली होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्यानं १८९७ मध्ये सुरू केलेली बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी रुळांवरून कुर्डुवाडीपासून लातूरपर्यंत येत असे. रुळाला आपल्याकडं रूळ हा शब्द आहेच, पटरीही आहे. पण रूळ म्हणजे लोखंड. गाडी कुठून येते, कुठं जाते, वाटेत कोणती गावं लागतात, हे सगळं मिळून जे होतं त्याला शब्द नव्हता. ती जागा लाइननं घेतली. मुंबईत सेंट्रल लाइन, वेस्टर्न लाइन, हार्बर लाइन म्हणतात तेही याच अर्थानं.

मुंबईतल्या मरीन लाइन्सची लाइन मात्र वेगळी आहे. मरीन बटालियनच्या सैनिकांच्या बराकी तिथं होत्या, त्यावरून स्टेशनचं नाव पडलं. इंग्रजी लष्करात तंबू आणि बराकी ओळीनं मांडत, म्हणून छावणीच्या वस्तीलाच लाइन्स म्हणत. नागपूरची सिव्हिल लाइन्स आणि कोल्हापुरातल्या कसबा बावड्याचा लाइन बाजार ही नावं त्याच पद्धतीची. लष्करामागून पोलिसांची वस्ती ‘पोलीस लाइन’ झाली, आणि त्या वस्तीत वाढलेल्या मुलाला महाराष्ट्रभर ‘लाइन बॉय’ म्हणू लागले. वडिलांची बदली, सणावाराचा बंदोबस्त, एका खोलीतला अभ्यास आणि शेवटी स्वतः भरतीच्या मैदानात उतरणं, एवढं सगळं त्या दोन शब्दांत मावतं. लाइन बॉय म्हणून घेण्यात अभिमान असतो.

तारायंत्र आलं तेव्हा मात्र मराठीनं वेगळा निर्णय घेतला होता. टेलिग्राफच्या तारेला तार म्हटलं आणि त्या तारेतून आलेल्या निरोपालाही तारच म्हटलं. ‘तार आली’ म्हटलं की घरातल्या बायकांच्या काळजात धस्स होई, कारण तारेतून बहुधा मरणाचीच बातमी यायची. २०१३ च्या जुलैत भारतातली तारसेवा बंद झाली. मराठी शब्दानं इंग्रजी यंत्र पूर्ण पचवल्याचं तार हे चांगलं उदाहरण. मग विजेच्या वेळी आपण तार का घेतली नाही? मला वाटतं, तार हा शब्द तोवर निरोपात गुंतलेला होता. विजेच्या धातूच्या धाग्याला आपण आजही तारच म्हणतो: तारा लोंबकळतात, तारेवर आकडा टाकतात, वादळात तार तुटून पडते. पण त्या तारेतून जे येतं-जातं, ते म्हणजे लाइन.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झालं, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत मराठवाड्यातली गावं एकेक करून खांबांनी जोडली गेली. आता पुण्यात ‘लाइट गेले’ म्हणतात, छापील मराठीत वीज ‘खंडित’ होते. उदगीरकडं ‘लाइट गेली’ आणि ‘लाइन गेली’ दोन्ही ऐकू येतं. दोन्हींत फरक आहे का? घरात दोन्ही चालतात, पण शेतात लाइनचंच राज्य आहे. कारण सरळ आहे. लाइट म्हणजे दिवा, आणि विहिरीवर दिव्याचं काम नाही. तिथं मोटार चालायला हवी. उजेडासाठी वीज घेणाऱ्याला लाइट हा शब्द पुरतो. पाण्यासाठी वीज घेणाऱ्याला लाइन लागते. मराठवाड्यात विजेची खरी गरज कुठं होती, हे या शब्दावरून कळतं.

या लाइनभोवती एक सबंध शब्दसंपत्ती उभी आहे, आणि ती कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. गावठाणची लाइन वेगळी, शेतीची लाइन वेगळी. दोन्हींना स्वतंत्र फीडर दिल्यापासून गावात दिवे असतात आणि शेतात अंधार असतो, किंवा उलट. शेतीची लाइन चक्राकार पद्धतीनं मिळते: काही दिवस दिवसाची, काही दिवस रात्रीची. मोटारीला तीन फेज लागतात. एक फेज गेला तरी लाइन आहे म्हणतात, पण मोटार लावता येत नाही. लावली तर जळते. रोहित्राला सगळे डीपी म्हणतात. डीपी जळाली की शेतकरी वर्गणी काढून ती नेण्या-आणण्याच्या मागं लागतात, आणि तेवढ्या आठवड्यात हरभरा सुकतो. डीपीवरचा फ्यूज उडाला की ‘डिओ पडला’. ओल्या भिंतीला किंवा लोखंडी पेटीला हात लावून झटका बसला की ‘पेटीत लाइन उतरली’. या एका क्रियापदात केवढी समज आहे पाहा. वीज दिसत नाही, पण ती जिथं असायला नको तिथं उतरते, आणि उतरते म्हणजे वरून, तारेवरून, जमिनीच्या ओढीनं खाली येते. जमिनीकडं वाट शोधणारा गळतीचा प्रवाह याहून नेमका सांगणं अवघड आहे.

वायरमनला लाइनमनही म्हणतात. महावितरणनं त्यांना ‘जनमित्र’ असं नाव दिलं, पण वादळी पावसात रात्री बारा वाजता गाव ज्याची वाट पाहतं तो लाइनमनच असतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरण काही वर्षांपासून ४ मार्चला लाइनमन दिवस पाळतं. खांबावर चढून जिवंत आणि मेलेल्या लाइनीतला फरक हातानं सांभाळणाऱ्या माणसांचा असा दिवस फार आधी सुरू व्हायला हवा होता. या कामात दरवर्षी माणसं जातात.

रात्रीची लाइन ही मराठवाड्याच्या शेतकऱ्याची जुनी तक्रार आहे. चिखलात बॅटरी घेऊन बारे मोडायचे, सापाकिरड्याची भीती, थंडी. ही रात्र टळावी म्हणून २०१७ मध्ये राज्य सरकारनं मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली. योजनेच्या नावात लाइनला ‘वाहिनी’ केलं आहे. वाहिनी शब्द सुंदर आहे, त्यात वाहणं आहे. पण तो कागदावरच राहिला. शेतात कुणी ‘वाहिनी आली का’ विचारत नाही. ज्यांच्या रानात सौर पंप बसले त्यांची भाषा मात्र बदलू लागली आहे. मोटार ‘सोलरवर’ चालते, आणि चौकशी उन्हाची होते.

आता २०१६ कडं येऊ. लातूर जिल्ह्यात लाइनचे सगळे अर्थ एकाच वेळी जिवंत झाले, ते त्या उन्हाळ्यात. मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूर शहराचे नळ बंद झाले. टँकर आणि टाक्यांभोवती लाइनी लागल्या. माणसांच्या कमी, घागरी आणि ड्रमांच्या जास्त. मराठवाड्यात याला ‘नंबर लावणं’ म्हणतात. घागर ठेवली की माणूस दुसऱ्या कामाला जाऊ शकतो, त्याची जागा घागर धरून ठेवते. पण त्या वर्षी घागरीवर विश्वास राहिला नाही, भांडणं होऊ लागली. मार्चमध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी पाण्याच्या ठिकाणांभोवती १४४ कलम लावलं. पाच माणसांहून अधिक जमाव नको, म्हणजे पाण्याच्या लाइनीवर पोलीस.

मग ठरलं की पाणी रेल्वेनं आणायचं, मिरजेहून, कृष्णेचं. राजस्थानातल्या कोट्याच्या कारखान्यात टँकचे वाघीण-डबे वाफेनं धुऊन काढले. मिरजेत स्टेशनाच्या यार्डापर्यंत पाइपलाइन टाकली. १२ एप्रिल २०१६ च्या पहाटे दहा डब्यांची पहिली गाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोचली. पुढं पन्नास डब्यांच्या गाड्या आल्या. एका खेपेला पंचवीस लाख लिटर. ऑगस्टपर्यंत हे चाललं. या गाड्या येऊ शकल्या त्याला एक कारण होतं, ज्याची तेव्हा फार चर्चा झाली नाही. कॅलथ्रॉपची अडीच फुटी लाइन आणखी दहा वर्षं तशीच राहिली असती तर पन्नास डब्यांची गाडी लातूरला येणं शक्यच नव्हतं. कुर्डुवाडी-लातूर मार्ग २००७-०८ मध्ये रुंद झाला, आणि पंढरपूर-मिरज मार्ग त्यानंतर दोन-तीन वर्षांत. रुंदीकरणासाठी माणसांनी वर्षानुवर्षं केलेल्या मागण्या मुंबईच्या गाडीसाठी होत्या. त्या लाइनीवरून एक दिवस प्यायचं पाणी येईल असं कुणाच्या मनात नव्हतं.

रेल्वेची लाइन, पाइपाची लाइन, विजेची लाइन, रांगेची लाइन, बंदोबस्ताची लाइन. या सगळ्यांत मला एक समान धागा दिसतो. या लाइनींचं दुसरं टोक आपल्या हातात नसतं. लाइन कुठून तरी येते, येते तशी जाते, आणि मधल्या माणसाला फक्त वाट पाहता येते. म्हणून मराठवाड्याच्या बोलीत लाइन ‘येते’ आणि ‘जाते’, तिच्यासाठी ‘थांबावं’ लागतं. तिला कुणी ‘आखत’ नाही. आखायची ती रेघ.

जे आपल्या हातात होतं तिथं लाइनला शिरकाव मिळाला नाही, हे ताडून पाहण्यासारखं आहे. शाळेची वही आजही एकरेघी, दुरेघी, चौरेघी. इंग्रजी गिरवण्याची वहीसुद्धा चौरेघीच. तळहातावर रेषा असतात. पक्की गोष्ट ही काळ्या दगडावरची रेघ, आणि तिथं लाइन ठेवून बोलून पाहा, वाक्य मोडून पडतं. अभंगाची ओळ असते. जेवायला पंगत बसते. तिफणीनं पेरलेल्या रानात तास असतात, आणि सोयाबीनच्या किती तासांमागं तुरीचं एक तास घ्यायचं हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. पंढरपूरच्या विठ्ठलासाठी माणसं बारा-बारा तास उभी राहतात, पण ती लाइन नाही, ती दर्शनबारी. बारीत उभं राहणारा माणूस रेशनच्या लाइनीत उभ्या राहणाऱ्या माणसासारखा घड्याळ पाहत नाही. तो नाव घेत पुढं सरकतो. दोन्ही ठिकाणी पाय सारखेच दुखतात. शब्द दोन आहेत, कारण थांबण्यामागचं मन दोन तऱ्हांचं आहे.

लाइन आपल्या हाताबाहेरची असते, या विधानाला अपवाद आहेत, आणि ते मोडीत काढण्याजोगे नाहीत. गवंड्याची लाइनदोरी त्याच्या स्वतःच्या हातातली. कापड लाइन, भुसार लाइन म्हणजे बाजारातली दुकानांची रांग, ती व्यापाऱ्यांनी स्वतः उभारलेली. तरुण पोरांचं ‘लाइन मारणं’ आणि ‘लाइन देणं’ हे तर कुणाच्याच ताब्यातलं नाही. ते हिंदी सिनेमाच्या वाटेनं आलं असावं. पण बोलीच्या मधोमध असलेले प्रयोग तपासले की तोल पुन्हा दुसऱ्या बाजूला जातो.

व्याकरणानंही लाइनला घरचीच केलं आहे. ती स्त्रीलिंगी का झाली? ओळ, रांग, रेघ, रेषा, तार, दोरी, पटरी: तिच्या अर्थाच्या आसपास असलेले बहुतेक मराठी शब्द स्त्रीलिंगी आहेत, त्यांच्या संगतीत ती बसली. अनेकवचनात मात्र तिनं निवड केली. रांगेच्या रांगा होतात, रेघेच्या रेघा, तारेच्या तारा. लाइनच्या लाइना झाल्या नाहीत, ओळीसारख्या लाइनी झाल्या. सायकली, पेन्सिली, मोटारी, फायली हे सगळे पाहुणे याच दारानं आत आले आहेत. इंग्रजीतून आलेल्या पुष्कळ स्त्रीलिंगी नामांना मराठी ईकार देते. हा नियम कुणी शिकवला नाही, पण ज्यानं कधी शाळेचं तोंड पाहिलं नाही तोही ‘लाइनी ओढल्या’ म्हणतो. उदगीरपासून सीमा जवळ आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात आले, आणि बीदर, भालकी म्हैसूर राज्यात गेले. पलीकडं कन्नड आणि तेलुगू याच शब्दाला शेवटी उकार जोडून ‘लैनु’ करतात. दखनीत ‘लैन’ ऐकू येते. उदगीरच्या आठवडी बाजारात ही सगळी रूपं शेजारीशेजारी बसून भाव करतात, आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये पंच्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ज्या गावात झालं ते गाव भाषांच्या अशा मिसळीतच वाढलेलं आहे.

आता त्या पोरीकडं येऊ, जिला कोणत्या लाइनला टाकायचं हे ठरायचं आहे. ‘मेडिकल लाइन’, ‘इंजिनिअरिंग लाइन’, ‘डीएड लाइन’. लातूरच्या राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांच्या नावावर बारावीचे निकाल गाजले, ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द महाराष्ट्रभर गेला, आणि तेव्हापासून लातूर, नांदेड, उदगीरच्या शिकवणीच्या गल्ल्यांत लाइन हा शब्द दिवसभर चालतो. या प्रयोगात क्रियापद ‘टाकणं’ आहे. पोरीला लाइनला टाकतात. पुढं ती नोकरीला लागली की ‘पोरगी लाइनला लागली’. भरकटलेला मुलगा सुधारला की ‘लाइनवर आला’. आईबापांच्या तोंडी या वाक्यात सुटकेचा केवढा श्वास असतो, ते ज्यांनी ऐकलं आहे त्यांना सांगायला नको. कोरडवाहू पाच एकरांवर भावाभावांत वाटण्या झालेल्या घरात लाइनला लागणं म्हणजे पावसाच्या हातून सुटणं. तरी इथंही रूळ दुसऱ्यानं टाकलेले आहेत, आपण फक्त त्यांवर चढायचं. पोरीला काय आवडतं हा प्रश्न ‘कोणती लाइन’ या प्रश्नात मावत नाही, आणि मला ते खटकतं. शेतीला कुणी लाइन म्हणत नाही, हेही खटकतं.

एक लाइन आपण मराठीत आणली ती भाषांतर करून. १९७१ मध्ये पुण्याच्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाला दिवसाला २,२५० कॅलरी मिळाव्यात असं धरून, १९६०-६१ च्या किमतींना खेड्यात दरमहा दरडोई १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये, इतका खर्च ज्यांना झेपत नाही ते गरीब, अशी त्यांची मोजणी होती. ही सीमा मराठीत ‘दारिद्र्यरेषा’ झाली. रेषेला आता खाली आणि वर आलं. पण गावात कुणी ‘मी दारिद्र्यरेषेखाली आहे’ असं सहसा म्हणत नाही. ‘बीपीएलमध्ये नाव हाय’ म्हणतात. अर्थशास्त्रज्ञाला ती रेषा दिसते, गावाला यादी दिसते. यादीत नाव असणं आणि नसणं यावर पिवळं कार्ड अवलंबून.

‘डेडलाइन’ हा शब्द आज वर्तमानपत्रांपासून बचत गटाच्या कर्जापर्यंत सगळीकडं आहे. त्याचा जन्म भयंकर आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६४ मध्ये, जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलच्या युद्धकैद्यांच्या तळावर कुंपणाच्या आत काही फुटांवर एक लाकडी कठडा घातलेला होता. तो ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालत. ती मरणाची रेघ. पुढं ती अमेरिकन छापखान्यांत आली आणि बातमी देण्याची शेवटची वेळ झाली.

आणि सर्वांत नवी ‘ऑनलाइन’. उदगीरच्या आसपासच्या खेड्यांत तिचा जो अर्थ झाला आहे तो शहरातल्या माणसाला चटकन कळणार नाही. ‘पीकविमा ऑनलाइन केला का?’, ‘पोराचं ऑनलाइन राहिलंय’, ‘तेवढं ऑनलाइन करून दे बाबा’. इथं ऑनलाइन म्हणजे इंटरनेटवर असणं नाही. ऑनलाइन म्हणजे अर्ज भरणं: आधार, सातबारा, बँकेचं पासबुक घेऊन महा-ई-सेवा केंद्रात जायचं, अंगठा द्यायचा, पावती घ्यायची. ऑनलाइन हे इथं नाम आहे, ते ‘करतात’ आणि ते ‘राहतं’. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. पूर्वी तलाठी पिकाची नोंद करायचा, आता शेतकऱ्यानं आपल्याच मोबाइलवर बांधावरून पिकाचा फोटो काढून ती करायची. काम त्याच्या हातात आलं, हे खरं. पण बांधावर रेंज नसते आणि मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात सर्व्हर चालत नाही, तेव्हा तो तरुण पोरांना घेऊन केंद्रापुढं उभा राहतो. त्या केंद्रापुढची सकाळची रांग सहज रस्त्यापर्यंत येते, आणि तिच्यातली माणसं एकमेकांना विचारत असतात, ‘ऑनलाइन चालू हाय का? मंग लाइनीत थांबतो.’